सरासरीतला टिल्लू

टिल्लूची उंची सहा फूट होती. जन्मला तेव्हा वीतभर होता म्हणून घरच्यांनी ते नाव ठेवलं, आणि पुढे तो ताडासारखा वाढला तरी नाव काही वाढलं नाही. आता तो चाळिशीला टेकला होता, कानशिलं पिकली होती, पोट सुटलं होतं, तरी आई खिडकीतून "टिल्लू, टोपी!" असं ओरडायची आणि तो निम्म्या रस्त्यातून निमूट परत यायचा. त्याच्या थोरल्या बहिणीला, ताईला, हे बघून कधीमधी हसू यायचं. एरवी वैतागच यायचा.

वैतागायला हिला निमित्त लागत नाही, असं आई म्हणायची. ताईचं म्हणणं, निमित्तं मोजत बसले तर काम कोण करणार? ती दातांच्या कवळ्या बनवायची. इमारतीच्या तळघरात तिची खोली होती. दिवसभर मेण तापवायचं, प्लॅस्टरच्या जबड्यावर एकेक दात सरळ रेषेत बसवायचा, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करायच्या. दवाखान्याचा माणूस सकाळी जबड्यांचे ठसे आणून टाकायचा आणि म्हणायचा, "जरा अर्जंट आहे." सगळंच अर्जंट असायचं. वर्षानुवर्षं बोळक्या तोंडानं काढलेली माणसं एकदा माप दिलं की एका दिवसाची कळ काढायला तयार नसत. संध्याकाळी पांढऱ्या धुळीनं माखलेली ताई वर घरी यायची, तर आई म्हणायची, "आलीस? टिल्लू आज चार शब्दही बोलला नाही." जणू ते शब्द ताईच खिशात घालून घेऊन गेली होती.

टिल्लूला विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. 'झाला' हा शब्द ताईला पटत नसे. पडसं होतं, गोवर होतो. हे तर वर्षभर पायरी पायरीनं घरात येत होतं आणि कुणी दाराकडे बघितलंच नव्हतं. आधी त्यानं मित्रांकडे जाणं सोडलं. मग अभ्यास सोडला. मग त्याच्या खोलीचं दार बंद राहायला लागलं, आणि मामानं निकाल दिला, "वयच तसं असतं, लक्ष देऊ नका." मग एके सकाळी त्यानं घरातल्या झाडून सगळ्या वायरी भिंतींतून उपटल्या, कारण त्यांच्यातून त्याच्याबद्दल बोललं जात होतं. तिथून पुढे हॉस्पिटल, घर, पुन्हा हॉस्पिटल. गोळ्या आल्या, गेल्या. शेवटी एक लागू पडली. आवाज गेले. पण आवाजांचा हात धरून बाकीही पुष्कळ काही गेलं: सकाळी उठायची उमेद, लांब वाक्यं, बुद्धिबळातली ईर्षा. जे उरलं ते शांत होतं, जड होतं आणि त्याचे हात किंचित थरथरायचे. तरी एका हॉटेलच्या धुलाईघरात त्याला काम मिळालं आणि ते त्यानं टिकवलं. मोठ्या रुळातून गरम चादर बाहेर आली की दोघांनी दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, घडी घालायची. त्याच्या उंचीमुळे चादर कधी जमिनीला टेकत नसे. मुकादमीण त्याच्यावर खूश होती.

असं सगळं रुळावर असताना मेंदूवाल्या बाई आल्या.

हे नाव आईनं ठेवलेलं. त्या हॉस्पिटलात संशोधन करायच्या. या आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मेंदूची ठेवण कशी बदलते, हे त्यांना बघायचं होतं. आजार अजून झालेला नाही पण चाहूल लागली आहे अशी माणसं, नुकताच पहिला झटका येऊन गेलेली माणसं, आणि टिल्लूसारखी जुनी खोडं, अशा सगळ्यांच्या मेंदूचे फोटो त्या काढत होत्या. शिवाय निरोगी सख्खी भावंडंही हवी होती.

"तुम्हीही याल का?" त्यांनी ताईला विचारलं.

"मला वेळ नाही," ताई म्हणाली. "आणि माझं डोकं ठिकाणावर आहे."

टिल्लू मात्र लगेच हो म्हणाला. ताईला नवल वाटलं, कारण तो नवा साबण आणला तरी तीन दिवस त्याच्याकडे संशयानं बघायचा.

"मला बघायचंय आत काय आहे ते," तो म्हणाला. "इतकी वर्षं सगळे त्याच्याचबद्दल बोलताहेत. मी कधी पाहिलंच नाही."

आईनं वेगळाच अर्थ काढला. "फोटोत दिसलं की तेवढं काढून टाकता येत असेल, नाही का गं? माझा नाही का मूतखडा काढला."

"आई, तो मूतखडा नाहीये."

"मी कुठे म्हणते मूतखडा आहे? मी म्हणते तसं काहीतरी."

ताईनं कपाळाला हात लावला.

फोटोच्या दिवशी टिल्लू त्या यंत्राच्या नळीत असा निजला की यंत्र चालवणारा माणूस म्हणाला, असा न हलणारा पेशंट महिन्यात पाहिला नाही. नंतर मेंदूवाल्या बाईंनी त्याला शेजारच्या खोलीत बसवून पडद्यावर चित्र दाखवलं. करडं, काळं, पांढरं. टिल्लू पुढे वाकून बघत राहिला. लग्नाच्या फोटोत आपण कुठे आहोत हे शोधावं तसा.

"हे काळं काय?"

"तिथे पाणी असतं. सगळ्यांच्याच मेंदूत अशा पोकळ्या असतात."

"माझ्या मोठ्या आहेत?"

"एका फोटोवरून तसं सांगता येत नाही. खूप माणसांची सरासरी काढली, तर या आजारात त्या जरा मोठ्या दिसतात. आणि ही बाहेरची करडी साल आहे ना, ती कपाळामागे आणि कानामागे थोडी पातळ झालेली दिसते. आजार सुरू होतो त्या सुमाराला हे जास्त वेगानं होतं, पुढे हळूहळू."

"कशामुळे?"

"आजारामुळे. काही प्रमाणात सिगरेट, हालचाल कमी असणं, यामुळेही असेल."

"आणि गोळ्यांमुळे?"

बाई तरुण होत्या, प्रामाणिक होत्या. "थोडा भाग गोळ्यांचाही असू शकतो," त्या म्हणाल्या. "नक्की किती, ते अजून कळलेलं नाही."

मागे उभ्या असलेल्या ताईनंही हे ऐकलं होतं. पण खाली तिनं गाडी जिथे लावू नये तिथे लावली होती आणि तळघरात एक वरचा जबडा तिची वाट बघत होता. तिचा जीव तिकडे लागला होता. "चल रे आता," ती म्हणाली.

पुढचे काही आठवडे घरात आनंदीआनंद होता. टिल्लू सकाळी आपणहून उठायला लागला. हात थरथरायचे थांबले. एकदा त्यानं जेवताना मामाची नक्कल केली, "वयच तसं असतं!" आणि आईला हसून हसून ठसका लागला. "बघितलंस?" आई ताईला म्हणाली. "फोटो काढल्याचा गुण आला." ताईलासुद्धा बरं वाटलं, हे मान्य करायला हवं. गेल्या कित्येक वर्षांत न दिसलेला भाऊ समोर बसून पाणी मागत होता. असं सुख पदरात पडल्यावर कोण कशाला खोदून विचारतं?

मग मुकादमिणीचा फोन आला. ताईच्या एका हातात गरम मेणाची सुरी होती, दुसऱ्या हातात फोन.

"ताई, तुमचा भाऊ टॉवेलांच्या घड्या उलट्या घालतोय."

"म्हणजे?"

"हॉटेलचं चिन्ह आत जाईल अशा. मी विचारलं तर म्हणाला, ते उघडं राहिलं तर बघत राहतं. मी चार वेळा सांगितलं. आज तो कपाटातले सगळे टॉवेल काढून परत घालत बसलाय."

ताईनं सुरी खाली ठेवली. मेणाखालची आच बंद केली. वायरी उपटल्या ती सकाळ तिला आठवली.

ती धुलाईघरात गेली. वाफेनं भरलेल्या त्या खोलीत टिल्लू टॉवेलांच्या ढिगासमोर उभा होता, घामाघूम. तिनं त्याला बाहेर आणलं, मागच्या दाराशी रिकाम्या खोक्यांवर बसवलं आणि सरळ विचारलं, "गोळ्या घेतोस ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"फोटो काढला तेव्हापासून."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," टिल्लू म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. तो खोटं कधीच बोलत नसे, आणि न विचारलेलं कधी सांगत नसे. ताईला वाटलं, आत्ता इथेच मोठ्यानं किंचाळावं. पण मुकादमीण दारातून बघत होती.

"ती बाई म्हणाली गोळ्यांनी मेंदू झिजतो," टिल्लू म्हणाला. "इतका तर गेलाच आहे. उरलाय तो तरी ठेवू दे की."

त्याला घरी सोडून ताई तडक हॉस्पिटलात गेली, एप्रनवरची पांढरी धूळही न झटकता. मेंदूवाल्या बाई जेवणाचा डबा उघडत होत्या.

"तुम्ही माझ्या भावाला गोळ्या बंद करायला सांगितलंत?"

"मी? नाही हो!" बाईंनी डबा बाजूला सारला. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं. खोटं सांगायचं होतं का?"

"खोटं नव्हतं सांगायचं. अर्धं नव्हतं सांगायचं. गोळ्या सोडल्या तर काय होतं, हेही त्याच दमात सांगायचं होतं. तुमचं खरं बोलून झालं, तुम्ही मोकळ्या. निस्तरायचं कुणी?"

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. हे इतक्या लगेच येईल असं ताईला वाटलं नव्हतं. भांडायची सगळी तयारी करून आलेल्या माणसाची समोरच्यानं अशी माफी मागून मोठीच गैरसोय केली. ती आणखीच चिडली आणि वरच्या मजल्यावर गेली, टिल्लूच्या जुन्या डॉक्टरांकडे.

जुन्या डॉक्टरांनी मान वर न करता ऐकलं. "आजपासून गोळ्या सुरू करा. ऐकत नसेल तर भरती करा."

"तो म्हणतो मेंदू झिजतो."

"आजार उलटला तर त्यानं जास्त नुकसान होतं, हे सांगा त्याला."

"तुम्ही सांगा ना!"

"मी गेली दहा वर्षं सांगतोय."

खरंच सांगत होते. पण ते भिंतीवरच्या 'धूम्रपान करू नये' या पाटीसारखं सांगायचे. पाटी खरी असते, पण ती वाचून कोण सिगरेट विझवतं? ताईला कळून चुकलं, एक बाई अर्धंच सांगते, एक बुवा नुसती पाटी वाचतो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे आपण एप्रन घालून उभ्या.

घरी टिल्लूनं आरशावर आणि आईच्या औषधाच्या डब्यावर टॉवेल टाकले होते. आई स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. "हे सगळं त्या फोटोनं झालं," ती म्हणाली. पंधरवड्यापूर्वीचा गुण आता दोष झाला होता. ताई टिल्लूसमोर जमिनीवर बसली. अजून तो तिच्याकडे बघत होता, अजून उत्तरं देत होता. हे फार दिवस राहणार नाही हे तिला अनुभवानं माहीत होतं.

"हे बघ," ती म्हणाली. "माणसाचे दात पडले ना, की जबड्याचं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात खूप, मग जन्मभर थोडं थोडं. कळलं?"

"हं."

"त्यावर मी कवळी बसवते. ती दाबते, घासते. तिनंही हाड थोडं झिजतं. मग लोकांनी काय करायचं? कवळी फेकून द्यायची? जेवायचं कशानं?"

टिल्लूनं स्वतःच्या जबड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "झिजलं की कवळी सैल होते?"

"होते."

"मग लोक परत येतात?"

"येतात. शिव्या देत येतात."

"मग तू काय म्हणतेस? तीच घाला, गप्प बसा?"

"नाही. तोंड बघावं लागतं. आतून नवा थर द्यावा लागतो, कुठे घासावं लागतं—" आणि ताई थांबली.

"माझी कुणी घासली?" टिल्लू म्हणाला. "दहा वर्षं तीच गोळी, तेवढीच. मी दुपारी झोपतो, तुम्ही म्हणता आळशी. मी बोलत नाही, तुम्ही म्हणता बोल. कुणी बघितलं का, ती बसते का नीट?"

ताईला राग आला. आपल्याच साच्यात आपणच अडकल्याचा राग. तो बरोबर बोलत होता, टॉवेल टाकलेल्या आरशासमोर बसून तो शंभर टक्के बरोबर बोलत होता.

"बरं," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना कमी करायला लावीन. त्यांच्या टेबलावर बसेन पण लावीन. पण त्यासाठी आधी ती पुन्हा सुरू करायला हवी. आधी ठीक हो, मग हळूहळू कमी करू. करशील?"

"करीन. पण तू पण फोटो काढ."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"इतकी वर्षं मलाच बघतात सगळे. डॉक्टर बघतात, आई बघते, तू बघतेस. चादरीसारखं उजेडात धरून बघतात. एकदा तुला बघू दे." त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले. "तू नळीतून बाहेर आलीस की मी गोळी घेतो. तिथेच."

भीक नको पण कुत्रं आवर, असं ताईला झालं. तरी तिनं मेंदूवाल्या बाईंना फोन केला. बाईंनी दुसऱ्याच दिवशी दुपारची वेळ दिली. ताईनं हातातल्या कवळीचं काम एक दिवस लांबवलं.

नळीत जायला पाच मिनिटं लागतात असं कुणी सांगितलं असतं तर ताईनं त्यालाच नळीत घातलं असतं. कानातलं काढा, केसातली पीन काढा, कानात बोळे घाला, डोक्यावर पिंजऱ्यासारखं झाकण लावा. हातात एक रबरी फुगा दिला. नको वाटलं तर दाबायचा. "काही होत नाही, नुसता आवाज येतो," यंत्र चालवणारा म्हणाला. फळी आत सरकली. वरचं छत नाकाला टेकेल इतकं जवळ आलं आणि ताईला एकदम वाटलं, आपण संपलो. श्वास येईना. तिनं फुगा दाबला. दाबतच राहिली.

बाहेर काढलं तेव्हा ती घामानं भिजली होती. ज्या बाईनं आजवर वायरी पुन्हा भिंतीत बसवल्या, भरतीच्या कागदांवर सह्या केल्या, आईला सांभाळलं, मामाला गप्प केलं, तिला आता फळीवरून उतरता येईना. "मला नाही जमणार," ती म्हणाली. "मूर्खपणा आहे हा सगळा. सगळ्यांचा मूर्खपणा." आणि ती चक्क रडायला लागली, नाक ओढत, लहान मुलासारखी.

टिल्लू बाकावरून उठून आला. यंत्र चालवणाऱ्याला म्हणाला, "मी आत थांबतो." खिशातली किल्ली, कमरेचा पट्टा, सगळं न सांगता काढून ठेवलं. इतकं की त्या माणसाला विचारायला काही उरलंच नाही. मग ताईजवळ वाकला.

"डोळे आत जायच्या आधीच मिट. आत जाऊन मिटलेस तर उपयोग नाही."

"तुला कसं जमलं रे?"

"मला सवय आहे, आत काहीतरी वाजत असतं त्याची," तो म्हणाला. "हे त्यापेक्षा बरं. याला तुझं नाव माहीत नसतं. आणि मी पाय धरतो. पाय बाहेरच असतात."

ती पुन्हा निजली. डोळे आधीच मिटले. फळी सरकली, ठक ठक ठक सुरू झालं, मग कुणी पत्रा बडवतंय तसं, मग करवत चालल्यासारखं. पायाच्या घोट्याभोवती एक मोठा, उबदार, जरासा ओलसर पंजा होता. तो शेवटपर्यंत हलला नाही. टॉवेलांकडे बघवत नसलेला माणूस त्या गोंगाटात बाहेर उभा होता, आणि त्याला त्या आवाजात काय काय ऐकू येत असेल या विचारानं ताईला स्वतःची भीती आठवेनाशी झाली.

बाहेर आल्यावर टिल्लूनं पाणी मागितलं आणि गोळी घेतली. सगळ्यांसमोर तोंड उघडून दाखवलं. "दाखवायची गरज नाही," ताई म्हणाली. "तू खोटं बोलत नाहीस."

"आता विचारत जा म्हणजे," टिल्लू म्हणाला.

त्यानंतरचा महिना कठीण गेला, हे सांगायलाच हवं. गोळी घेतली आणि झालं, असं होत नसतं. तो कामावर जाऊ शकला नाही. आरशावरचा टॉवेल पंधरा दिवस तसाच राहिला. आई रोज ताईला विचारायची, "आज कसा वाटतोय?" जणू ताई त्याला दुसऱ्या कुठल्या घरात बघून आली होती. दिवसा तो तळघरात ताईजवळ बसायचा आणि प्लॅस्टरचे जबडे ओळीत लावायचा, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे करून. ताईनं एकदाही ते फिरवले नाहीत. हळूहळू थरथर परतली, झोप परतली, आणि एके दिवशी त्यानंच आरशावरचा टॉवेल काढून धुवायला टाकला.

मग ताई जुन्या डॉक्टरांकडे गेली. टेबलावर बसायची वेळ आली नाही, पण खुर्चीवरून ती उठली नाही हे खरं. सोबत मेंदूवाल्या बाई होत्या, बोलावलं नसताना आलेल्या. डॉक्टर आधी कुरकुरले, मग जुने कागद उलगडून बसले, मग म्हणाले, "कमी करून बघता येईल. पण थोडी. आणि आधी मला सांगायचं, नंतर नाही." गोळी थोडी कमी झाली. पुढे आणखी कमी करून बघितली तेव्हा टिल्लूची झोप उडाली. त्यानं ते स्वतःच येऊन सांगितलं, आणि पुन्हा एक पायरी वर यावं लागलं. तिथे जमलं. सकाळी उठणारा, जेवताना नक्कल करणारा तो भाऊ पूर्ण काही परत आला नाही. पण त्याचा बराचसा भाग आला. मुकादमिणीनं त्याला पुन्हा घेतलं, फक्त टॉवेलांऐवजी चादरींवर ठेवलं.

संशोधन संपल्यावर बाईंनी भाग घेतलेल्या सगळ्यांना एका दुपारी सभागृहात बोलावलं. पडद्यावर मेंदूच्या करड्या सालीच्या जाडीचा एक आलेख होता. निरोगी माणसांची रेघ सगळ्यात वर. चाहूल लागलेल्यांची तिच्या जरा खाली. पहिल्या झटक्यानंतरच्यांची आणखी खाली. जुन्या खोडांची सगळ्यात खाली. आणि निरोगी भावंडांची रेघ कुठे होती? वरच्या रेघेच्या किंचित खाली, मधेच कुठेतरी.

"म्हणजे काय?" ताईनं उभं राहून विचारलं.

"भावंडांमध्येही असे काही बदल अगदी थोड्या प्रमाणात दिसले," बाई म्हणाल्या. या वेळी त्या तिथे थांबल्या नाहीत. "याचा अर्थ त्यांना आजार आहे किंवा होईल, असा नाही. आणि ही सरासरी आहे. एकेका माणसाचं यावरून काहीही सांगता येत नाही. एकाच गटातली माणसं एकमेकांपासून फार वेगळी आहेत."

"माझ्या मुलीला काही झालेलं नाही!" आई मोठ्यानं म्हणाली. पुढच्या दोन रांगा मागे वळल्या.

"आई, बस."

"ताई," टिल्लू कुजबुजला. सभागृहभर ऐकू जाईल अशी त्याची कुजबुज असायची. "तू तर माझ्या बाजूला आलीस."

ताईला आधी संताप आला. मग भीती वाटली. मग काय वाटलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. इतकी वर्षं ती काठावर उभी राहून त्याला हात देत होती असं तिला वाटायचं. आणि आता कुणीतरी सांगत होतं, बाई गं, तुझीही पावलं पाण्यातच आहेत.

पुढच्या रांगेतला एक गृहस्थ उठला. शेजारी त्याची मुलगी मान खाली घालून बसली होती. "माझी मुलगी त्या दुसऱ्या रेघेत आहे," तो म्हणाला. "ती तिसऱ्या रेघेत जाणार का, एवढंच सांगा."

"बहुतेक जण जात नाहीत," बाई म्हणाल्या. "पण कोण जाईल ते मी आज सांगू शकत नाही. म्हणून तर आम्ही लक्ष ठेवतो."

मग टिल्लू उभा राहिला. सहा फूट उभा राहायला जरा वेळ लागतो. ताईनं त्याची बाही ओढली. त्यानं सोडवून घेतली.

"मी सगळ्यात खालच्या रेघेतला," तो त्या मुलीला म्हणाला. "तिथे नोकरी करता येते. गोळी जड वाटली तर डॉक्टरांना सांग. स्वतःच बंद करू नकोस. मी केली होती, टॉवेल बघायला लागले." मग म्हणाला, "आणि घरच्यांना सांग, विचारा म्हणावं. नुसते बघत बसू नका." एवढं बोलून तो बसला. गेल्या कित्येक वर्षांत ताईनं त्याच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं ऐकली नव्हती. मुलीनं मान वर केली होती.

बाहेर पडल्यावर आई मामाला फोन लावायचा म्हणून मागे राहिली. टिल्लू पायऱ्या उतरून रस्त्यानं चालायला लागला, लांब लांब ढांगा टाकत. त्याच्या पावलाशी पाऊल मिळवताना ताईला धाप लागली.

"अरे, हळू चाल जरा! माझा जीव घेतोस का?"

"तूच जोरात चाल," टिल्लू मागे न बघता म्हणाला.

ताईनं त्याला एक अस्सल शिवी हासडली, पर्स काखेत मारली, आणि पळायला लागली.